बाबांसाठी घेतलेला रेझर

बाबांचा जुना रेझर मी भंगारात दिला, हे मी अजून ताईलाही सांगितलेलं नाही. लालबागची आमची चाळ पाडायची ठरली तेव्हा बांधाबांध माझ्याकडे होती. मोरीच्या फळीवर बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा असायचा. झाकणाला गंज धरला होता. मी तो उघडलाही नाही, हलवूनही पाहिला नाही, आणि खाली उभ्या असलेल्या भंगारवाल्याच्या गोणीत टाकला. आत बाबांचा पितळी रेझर, दाढीचा ब्रश आणि तुरटीचा खडा होता. बाबांनी दुसऱ्या दिवशी सकाळी डबा शोधला. मी म्हटलं, सामानात कुठेतरी असेल. त्यांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि खाली जाऊन प्लास्टिकचा, वापरून फेकायचा रेझर घेऊन आले. पुन्हा कधी विषय काढला नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं.

बाबा रोज दाढी करायचे, एक शनिवार सोडून. गिरणीत ते साच्यावर, म्हणजे कापडाच्या मागावर, होते. साचेखात्यात हवेत कापसाची रुई उडत असते आणि ती दाढीच्या खुंटांत अडकते. मग दिवसभर गाल खाजतो, घामाने चिकटतो, पुरळ उठतं. म्हणून पाळी कुठलीही असो, गाल गुळगुळीत करूनच ते कामावर जायचे. गिरणी बंद पडली, तिच्या जागी काचेची इमारत आली, बाबांनी एका सोसायटीच्या गेटवर वीस वर्षं काढली, पण रोजची दाढी काही सुटली नाही. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, असं आई म्हणायची. तेव्हा आम्ही हसायचो.

मिशी मात्र भरघोस होती आणि तिच्याबद्दल आमच्या घरात एकच कायदा होता. बाप जिवंत असताना मुलाने मिशी उतरवायची नाही. बाप गेला की दहाव्याला न्हावी डोकं आणि मिशी दोन्ही उतरवतो, म्हणून कोकणातल्या आमच्या लोकांना मुलाचा मोकळा ओठ दिसला की पहिला प्रश्न पडतो तो बापाचा. कॉलेजात असताना मी एकदा शहाणपणा करून मिशी काढून आलो होतो. बाबा तीन आठवडे माझ्याशी बोलले नाहीत. ताट माझ्या शेजारी असलं तर उचलून दाराजवळ नेऊन जेवायचे. मिशी पुन्हा दिसायला लागली तेव्हा एवढंच म्हणाले की आता बस जेवायला. त्यानंतर तीस वर्षं मी ओठाला पातं लावलं नव्हतं.

नव्या इमारतीत चौदाव्या मजल्यावर येऊन दोन वर्षं झाली आणि बाबांना झटका आला. डावी बाजू लुळी पडली. उजवा हात चालायचा, पण चमचा तोंडापर्यंत नेईतो निम्मं सांडायचं. बोलणं शाबूत होतं, मात्र कुठला काळ चालू आहे ते मधूनच निसटायचं. कधी मला पाळीची वेळ विचारायचे, कधी आईला हाक मारायचे. आईला जाऊन सहा वर्षं झाली होती. रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या सुरू झाल्या आणि डॉक्टरांनी बजावलं की जखम होऊ देऊ नका, रक्त लवकर थांबणार नाही. दाढीला पातं नको, मशीन वापरा.

मशीन आणलं. बाबांनी ते एकदा गालावर फिरवू दिलं आणि हात झटकला.

"मी काय मेंढरू आसंय?" ते म्हणाले.

मेंढराचं चाललं असतं. खरी अडचण वेगळी होती. मशीन मुळापासून काढत नाही, बारीक खुंट ठेवतं, आणि ते खुंट हाताला लागले की बाबांना त्यात रुई दिसायची. ते उजव्या हाताच्या नखांनी गाल खरवडत बसायचे. आठ दिवसांत उजव्या गालावर रुपयाएवढी साल निघाली. नखं कापली, हातमोजा घातला, तो त्यांनी दातांनी ओढून काढला. चाळीखालचा न्हावी केव्हाच गावी निघून गेला होता. नाक्यावरच्या सलूनमधला एकजण घरी आला, कानाजवळ जरासं लागलं, रक्त अर्धा तास थांबेना, तो घाबरून जो गेला तो परत फोनही घेईना. पातं लावलं तरी रक्त आणि नाही लावलं तरी रक्त. शेवटी मी ठरवलं की मीच करायचं, नीट करायचं.

मी गिरगावातल्या एका शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस आहे. नळ्या, चंचुपात्रं, आम्लाच्या बाटल्या यांत माझी अठ्ठावीस वर्षं गेली. माझा हात थरथरत नाही, याचा मला गर्व होता. आहे म्हणणार नाही, होता.

रेझर घ्यायला एका शनिवारी दादरला गेलो. स्टेशनपासून जरा आत एका गल्लीत न्हाव्यांच्या सामानाचं जुनं दुकान आहे. कात्र्या, चामड्याचे पट्टे, पावडरचे फुगे, सगळं टांगलेलं. गल्ल्यावर सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ होते. मी सेफ्टी रेझर मागितला. त्यांनी आधी विचारलं, "स्वतःसाठी की दुसऱ्यासाठी?"

मी म्हटलं, वडिलांसाठी, अंथरुणावर आहेत, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत. मग त्यांनी काचेवर एक जुना टॉवेल पसरला आणि त्यावर चार रेझर मांडले. एकाचा दांडा फिरवला की डोकं दोन्हीकडे दारासारखं उघडायचं, पातं आत टाकायचं, पुन्हा फिरवायचं. ते म्हणाले, सोपा आहे, पण सांध्यात साबण साचतो आणि पातं एका बाजूला सरकतं. दुसऱ्याच्या कडेला कंगव्यासारखे दात होते. हा वाढलेल्या दाढीचा, म्हाताऱ्या कातडीला हा नकोच. तिसऱ्याला आकडे होते, आकडा वाढवला की पातं जास्त उघडं पडायचं. मला तो आवडला. प्रयोगशाळेतल्या माणसाला आकडे आवडतात. त्यांनी तो माझ्या हातून काढून घेतला. म्हणाले, आकडा असला की माणूस वाढवून बघतोच.

चौथा साधा होता. डोकं, खालची पट्टी आणि दांडा, तीन तुकडे. कड सलग, पातं जेमतेम डोकावणारं. मात्र वजनाला चांगलाच भारी आणि दांडा लांब. भारी का, असं मी विचारलं. ते म्हणाले, हलका असला की हात दाबतो. हा आपल्या वजनाने उतरतो, तुम्ही नुसता धरायचा. मग त्यांनी माझं मनगट पकडून स्वतःच्या पंजाच्या पाठीवर तो रिकामा रेझर फिरवायला लावला, दोनदा, तीनदा, आणि चौथ्यांदा मान हलवली.

"स्वतःच्या गालाला कळतं कुठे थांबायचं," ते म्हणाले. "दुसऱ्याच्या गालाचं आपल्या हाताला काही कळत नाही. आधी आठ दिवस स्वतःवर करा. आणि दाबायचं नाही."

मी रेझर घेतला, पात्यांची पाकिटं घेतली, ब्रश घेतला, तुरटी घेतली. भंगारात दिलेला सगळा डबाच पुन्हा विकत घेत होतो, हे दुकानाच्या पायऱ्या उतरताना लक्षात आलं आणि तोंड कडू झालं.

स्वतःवर सराव करणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण ठरलं. मी इतकी वर्षं सलूनमध्ये जाणारा किंवा तीन पात्यांच्या प्लास्टिकच्या रेझरने खरवडणारा माणूस. तो दाबूनच चालवायचा असतो. पहिले तीन दिवस गालावर निभावलं. चौथ्या दिवशी नाकाखाली, मिशीची कड सरळ करताना, हात सवयीने दाबला गेला आणि भारी डोकं सरळ खाली उतरलं. उजवीकडची मिशी अर्ध्या बोटाने आत गेली. मग डावी तेवढी केली, ती जास्त झाली. पुन्हा उजवी. पाचेक मिनिटांत ओठावर माशी बसावी एवढंच उरलं, आणि तसं तोंड घेऊन शाळेत जाणं शक्य नव्हतं. मी उरलंसुरलंही काढून टाकलं.

बायको मोरीच्या दारात येऊन उभी राहिली. तिच्या हातात बाबांचा पेजेचा टोप होता. "अहो, हे काय केलंत?" एवढंच म्हणाली. मी म्हटलं, बाबांना धड दिसत नाही, कालचं आज आठवत नाही, त्यांना काय कळणार. तिने आतून एक मास्क आणून माझ्या हातात दिला. मी घरात सर्दीचं निमित्त करून मास्क लावून फिरू लागलो. तीन आठवडे ढकलायचे, मिशी येईल, असा हिशेब.

पण गालाची साल वाढत होती. पाचव्या दिवशी सकाळी मी बाबांना उशांवर टेकवून बसवलं, गरम पाण्याचा टॉवेल तोंडावर ठेवला, ब्रशने फेस काढला. साबणाचा वास आला तसे त्यांनी डोळे मिटले आणि मान आपणहून वर केली. इतक्या महिन्यांत ते पहिल्यांदा माझ्या मदतीला आले होते. मी वाकलो तर मास्कमधल्या वाफेने चष्मा धुरकटला. पुसला, पुन्हा धुरकटला. बाबांचे डोळे मिटलेले होते. मी मास्क खाली ओढला.

साल निघालेली जागा सोडून उजव्या गालाची एक पट्टी झाली, दुसरी झाली. तेवढ्यात त्यांनी डोळे उघडले. बराच वेळ माझ्या तोंडाकडे पाहत राहिले. मग उजवा हात वर आला आणि त्यांनी माझ्या ओठावरून बोट फिरवलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

"मी गेलंय काय रे?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, नाही बाबा, चुकून गेली मिशी, हा बघा रेझर, नवीन आणलाय. त्यांनी ऐकलं की नाही कोण जाणे. घाबरले नाहीत, रडले नाहीत. मुलाचा मोकळा ओठ दिसला म्हणजे बाप गेला, इतका सरळ तो निकाल होता, आणि तो त्यांनी स्वतःला लावून घेतला. मान भिंतीकडे केली. तोंडावरचा फेस मी तसाच पुसून काढला.

त्या दुपारी त्यांनी पेज घेतली नाही. मेलेल्याला पेज कशाला, असं अगदी समजूतदारपणे म्हणाले. संध्याकाळी मला जवळ बोलावून हळूच विचारलं, "कावळो शिवलो?" आपल्या पिंडाला कावळा शिवला का, हे बाप मुलाला विचारत होता. मी बाहेर गॅलरीत जाऊन उभा राहिलो. चौदाव्या मजल्यावर कावळेसुद्धा कमी येतात.

तीन दिवस चमच्याने पाणी, तेही ओठ दाबून आत सोडलेलं. ताई येऊन रडून गेली. तिने मला बोल लावला नाही, पण माझ्या ओठाकडे पाहायचंही टाळलं. मी बाबांना आरसा दाखवला, शेजाऱ्यांना बोलावलं, नाडी मोजून दाखवली. सगळ्यांकडे ते, मयताला आलेल्या लोकांकडे पाहावं तसं शांतपणे पाहायचे. डॉक्टर म्हणाले, सोमवारपर्यंत खाल्लं नाही तर नाकातून नळी घालावी लागेल, आणि ते ती ओढणार, म्हणजे उजवा हात बांधावा लागेल. त्यांचा एकच हात उरला होता आणि तो माझ्या मूर्खपणापायी बांधला जाणार होता. मी रोज आरशात ओठ बघायचो. चार दिवसांत मिशी किती येणार? नुसती काळी सावली.

रविवारी सकाळी ते पुन्हा गाल खरवडायला लागले. मेलेल्या माणसालाही रुईचा त्रास होत होता. मी पाणी तापवलं, फेस काढला आणि अर्धी राहिलेली दाढी पुरी करायला बसलो. मास्क लावला नाही. आता लपवायला काय उरलं होतं? उजवा गाल नीट झाला. डावीकडे जबड्याच्या हाडाशी कातडी सैल होती, ती ताणून धरायला हवी होती आणि माझं बोट फेसावरून सटकलं. एक बारीक रेघ उमटली. मग तिच्यातून रक्त यायला लागलं आणि येतच राहिलं. पांढऱ्या फेसातून खाली, मानेवर, टॉवेलवर.

मी तुरटी दाबली, टॉवेल दाबला, बायकोला हाक मारली. बाबांनी टॉवेलचं टोक उजव्या हातात धरलं आणि डोळ्यांजवळ नेलं. लाल डाग त्यांनी बोटाने चोळून पाहिला.

"मेलेल्या माणसाक रगत येता काय?" त्यांनी विचारलं.

"नाही येत, बाबा."

"म्हंजे मी आसंय." मग ते बायकोला म्हणाले, "पेज हाड." ती पेज आणायला धावली.

पाऊण तास रक्त थांबलं नाही. तो पाऊण तास मी एका हाताने जबडा दाबून बसलो होतो आणि बायको दुसऱ्या बाजूने चमच्याने पेज भरवत होती. बाबांनी वाटी संपवली आणि लोणचं मागितलं. ज्या एका गोष्टीला भिऊन मी दादरला जाऊन चार रेझर पारखले होते, त्याच गोष्टीने त्यांना परत आणलं. मला आनंद झाला, आणि तो आनंद मला आता नीट आठवत नाही, फक्त मनगट दुखत होतं ते आठवतं.

मंगळवारची दाढी स्वच्छ झाली. माझा हात आता बसला होता. दुकानदार म्हणाले होते तसा रेझर आपल्या वजनाने उतरत होता. मी खूश होऊन तोंड पुसलं, तर बाबांनी हात पुढे केला. टॉवेल मागत होते. त्यांनी तो उलटसुलट पाहिला. पांढराशुभ्र होता.

"रगत खंय?" त्यांनी विचारलं, आणि बायकोने पुढे केलेल्या चमच्यासमोर ओठ मिटून घेतले.

मी टॉवेल घेऊन मोरीत गेलो. रेझरचा दांडा सैल केला, पातं जरा वर आलं, त्यावर डाव्या हाताचा अंगठा टेकवला. टॉवेलला पुसला. परत येऊन तो डाग त्यांना दाखवला. त्यांनी मान हलवली आणि तोंड उघडलं.

त्यानंतर दर दिवसाआड असंच चाललं. तीन-चार आठवड्यांत माझी मिशी पहिल्यासारखी आली. मी मुद्दाम ती त्यांच्यासमोर नेली, त्यांच्या बोटाला लावली. त्यांना तिचं काही नव्हतं. त्यांचा विश्वास टॉवेलवर बसला होता. शाळेत सगळे अंगठ्याच्या पट्टीबद्दल विचारायचे. मी सांगायचो, नळी फुटली. इतक्या नळ्या तर शाळेने घेतल्याही नव्हत्या. कधीकधी मला बाबांचा भयंकर राग यायचा. पातं अंगठ्याला लावताना वाटायचं, म्हातारा माझा जुना हिशेब चुकता करून घेतोय, त्या पितळी रेझरचा. मग बाहेर येऊन त्यांचं उघडलेलं तोंड दिसायचं आणि स्वतःचीच लाज वाटायची. बायकोने एकदा विचारलं, हे किती दिवस करणार आहात? मी म्हटलं, ते मागतील तितके दिवस.

ते आणखी पाच महिने मागत राहिले.

गेले तेव्हा सकाळचे आठ वाजले होते. चहाचा दुसरा घोट घशाखाली उतरला नाही, एवढंच झालं. ताई आली, जुन्या चाळीतली माणसं जमली. आमच्या जुन्या खोलीच्या शेजारचे काका बाबांच्या उशाशी बसले होते. ते म्हणाले, दोन दिवसांची दाढी दिसतेय, तुझ्या बापाला असा कसा न्यायचा? कोणीतरी न्हाव्याला बोलवायला उठलं. मी म्हटलं, राहू द्या, मी करतो.

पाणी तापवलं. फेस काढला. थंड कातडीवर फेस नुसता बसून राहतो, मुरत नाही. बाबांनी मान वर केली नाही, ती मला करावी लागली. उजवा गाल झाला, हनुवटी झाली, मिशीची कड सरळ केली. डावीकडे जबड्याच्या त्याच हाडाशी माझं बोट पुन्हा सटकलं. तशीच बारीक रेघ उमटली. मी टॉवेल तिथे दाबला आणि थांबलो. बराच वेळ थांबलो. मग उचलून पाहिला.

टॉवेल पांढरा होता.

पुढचं मी ठरवून केलं नाही. हात आपणहून चालले. दांडा सैल केला, अंगठा टेकवला, टॉवेलला पुसला आणि तो डाग बाबांच्या डोळ्यांसमोर धरला. ताईने माझं मनगट धरलं. "अरे, काय करतोयस हे?" ती म्हणाली. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं.

बायको पलीकडून म्हणाली, "ताई, थांबा जरा. त्यांना दाखवू द्या."

ताईने हात सोडला. मी टॉवेल तसाच धरून ठेवला.